रुळांआधी आलेली गाडी

मेलेली माणसं परत येत असती तर आमच्या भावकीतले निम्मे बांधाच्या भांडणासाठी केव्हाच परत आले असते. एकही आला नाही. म्हणून मी असल्या गोष्टींवर कधी विश्वास ठेवला नाही आणि तुमच्या मासिकातल्या या सदरात कधी लिहीन असंही वाटलं नव्हतं. पण जे घडलं ते घडलं... जसं घडलं तसं लिहिते. मी चौथी शिकलेली आहे, चुका असतील त्या संपादकांनी बघाव्यात.

वय बहात्तर. राहते वडवणीच्या अलीकडे, बीड–परळी रस्त्यापासून दीड किलोमीटर आत. गावाचं नाव देत नाही, नाहीतर लोक शेतात बघायला येतील आणि पीक तुडवतील. माझे मालक रेल्वेत चावीवाले होते. रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून रूळ चालत जायचं आणि रुळाला धरून ठेवणाऱ्या चाव्या ढिल्या झाल्या असतील तर ठोकून बसवायच्या, हे त्यांचं काम. परळीच्या बाजूला क्वार्टरात आम्ही एकोणतीस वर्षं काढली. त्यांचा डावा खांदा उतरलेला होता. त्यामुळे दोन ठोके जोरात पडायचे आणि तिसरा हलका, आवरता घेतल्यासारखा. तो आवाज जवळ आला की मी तवा ठेवायचे. निवृत्तीनंतर आम्ही गावी आलो. इथे रेल्वे येणार, आपल्याच शेताच्या कडेने जाणार, म्हणून ते खूश होते. गाडी यायच्या आधीच गेले. त्याला सहा वर्षं झाली.

माझ्या शेजारी शकीला राहते. तिचा जावई इरफान माजलगावला मोटारी दुरुस्त करतो आणि त्याला रेल्वेचं वेड आहे. त्याचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे – ‘सिग्नल पडला’. चाळीसेक माणसं. मालक चावीवाले होते हे कळल्यावर त्याने मला त्यात घातलं. तिथे माझं नाव पडलं चावीवाल्या आजी.

ग्रुप चांगला आहे. राजकारण नाही, देवाधर्माचे फोटो नाहीत. कोणी सकाळी फुलांचं चित्र टाकलं की त्याला ‘साइडिंगला’ टाकतात, म्हणजे दिवसभर त्याने बोलायचं नाही. बाकी टिंगल चालते. बीडला गाडी सुरू झाली त्या दिवशी इरफानने लिहिलं, “रेल्वे बघायला माझ्या आज्यानं चष्मा केलता. चष्मा फुटला, आज्जा गेला, आता गाडी आली. घ्या!” लातूरचे देशमुख सर, निवृत्त शाळामास्तर, त्यांनी लिहिलं, “आजोबांचं तिकीट वेटिंगलाच राहिलं म्हणायचं.” मी लिहिलं, “आज्याला नावं ठेवू नको, तूच दर वेळी अर्धा तास उशिरा येतोस.”

रविवारी एक खेळ असतो – आवाज ओळखा. कोणीतरी गाडीचा आवाज पाठवायचा, बाकीच्यांनी जागा सांगायची. यात मी सहसा हरत नाही. एकदा सरांनी फसवायला काहीतरी पाठवलं. मी लिहिलं, गंगाखेडचा गोदावरीचा पूल. पूल लागला की आवाज पोकळ होतो, माठात तोंड घालून बोलल्यासारखा. सर म्हणाले, “आजी, कान आहेत की रडार?” खेळात एकच मोठा गुन्हा – दुसऱ्याचं रेकॉर्डिंग आपलं म्हणून पाठवणं.

आता मुद्द्यावर येते.

गेल्या साली संक्रांत होऊन गेली होती. तेव्हा आमच्याकडे फक्त मुरुमाचा भराव झालेला होता. रूळ नाही, स्लीपर नाही, खडी नाही. मी अंगणात तूर बडवत होते. अकराच्या सुमाराला भोंगा ऐकला. दोन वेळा, आखूड. मग चाकं, अगदी हळू. मग ब्रेक. उठून बघितलं तर भरावावर कुत्रंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

मी ग्रुपवर लिहिलं की आमच्या शेताकडे रोज अकराला गाडीचा आवाज येतो.

“आजी, तिथं रूळ कुठं हायत?” इरफान.

“नाहीत. तरी येतो.”

“मग बैलगाडी असंल.”

“बैलाला भोंगा असतो का रे?”

“तुमच्या गावचे बैल हायत, असंल बी!”

सरांनी लिहिलं, “आजी आपल्यापेक्षा पुढच्या टाइमटेबलात आहेत.” सगळे हसले. मला राग आला. हसण्याचा नाही, मी पण हसते लोकांना. पण मी ऐकलं ते ऐकलं. चौथ्या दिवशी फोन घेऊन भरावावर जाऊन बसले. आवाज आला तशी बटण दाबलं आणि तसंच पाठवून दिलं. पाठवलेलं परत ऐकायची मला सवय नाही.

सगळ्यांनी ते लावून ऐकलं. मग सर म्हणाले, “डिझेल इंजिन. पुढे खडीचे डबे आहेत, ढकलत आणतंय. कामाची गाडी आहे. पण आजी, ही बाई कोण?”

कुठली बाई? मग मी ऐकलं. भोंगा होता, चाकं होती, ब्रेक होता. आणि मध्येच एक घोगरी बाई ओरडत होती – “अगं सोड ती शेळी! शेळी सोड, आधी तू हो बाजूला!” मग खोकली. मग एक लांब भोंगा. भरावावर बसले होते तेव्हा मी भोंगा आणि चाकं ऐकली होती. बाई ऐकली नव्हती. माझ्या जवळपास कोणीही नव्हतं.

ग्रुपला मात्र ती बाई फार आवडली. त्या दिवसापासून कोणी चुकीच्या उत्तराला धरून बसलं की चाळीस जण लिहितात – ‘शेळी सोड!’ सरांच्या सुनेनेही घरी वापरायला सुरुवात केली म्हणे. पण रेकॉर्डिंग खरं कोणीच मानलं नाही. इरफानने मला फोन केला. “आजी, रागवू नगा. पर यूट्यूबवरून घेतलं असंल तर सांगून टाका. लोक लई बोलायलेत.”

“मला यूट्यूबवरून घेता येतं का, तूच सांग.”

“मग कावून येतोय आवाज?”

“मला माहीत असतं तर ग्रुपवर टाकलं असतं का?”

त्याने मला आठ दिवस साइडिंगला टाकलं. इतक्या वर्षांत मी कोणाचं भाजीचं देठ चोरलं नाही, आणि आवाज चोरला म्हणून शिक्षा.

त्याहून वाईट म्हणजे हे माझ्या मुलाला कळलं. दिलीप पुण्याला असतो. तो येऊन मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. कानाचे डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत. मग डोक्याच्या डॉक्टरांकडे. ते म्हणाले, एकटं राहिल्यावर या वयात असं ऐकू येऊ शकतं, लक्ष ठेवा. दिलीपने तेवढंच धरलं. “आई, घर बंद कर. पुण्याला चल.”

“रेकॉर्डिंग ऐकलंस ना? फोनला पण वय झालंय का?”

“ते काहीतरी दुसरं आलं असेल त्यात. तू एकटी आहेस, उद्या त्या भरावावर पडलीस म्हणजे?”

त्याच्या घरात चौथा मजला आहे, बंद खिडक्या आहेत आणि दुपारी बोलायला भिंती आहेत. मी नको म्हटलं. तो म्हणाला, पुढच्या संक्रांतीपर्यंत थांबतो, मग काही ऐकणार नाही. त्या चौथ्या दिवसानंतर आवाज परत आला नाही. माझ्यासाठी तेही वाईटच झालं, कारण दाखवायला काही उरलं नाही.

वर्षभरात खडी आली, स्लीपर आले, रूळ आले. बकरी ईद झाल्यावर इरफानने सासूला एक शेळी आणून दिली. शकीलाकडे त्याआधी कधी शेळी नव्हती. मला तेव्हाही काही सुचलं नाही. आता लिहिताना सुचतं, पण ते काय कामाचं.

संक्रांत झाली आणि दिलीप गाडी घेऊन आला. मी गाठोडं बांधलं नव्हतं, तोच बांधायला लागला. माझा घसा दोन दिवसांपासून बसलेला होता. तेवढ्यात ग्रुपवर आलं की बीडकडून कामाचं इंजिन खडी घेऊन आज पहिल्यांदा वडवणीच्या बाजूला येतंय. मी दिलीपला म्हटलं, एवढं बघते, मग तुझं काय ते बघू. दोघं भरावाजवळ गेलो. फोन चालू करून मी हातात धरला.

शकीला तिथेच होती. तिची शेळी रूळ ओलांडून पलीकडच्या गवताला निघाली होती आणि तिची दोरी रुळाच्या क्लिपमध्ये अडकली होती. शकीला खाली बसून ती सोडवत होती. तिला उजव्या कानाने ऐकू येत नाही. इंजिन हळूच येत होतं, खडीचे डबे पुढे ढकलत. दोन आखूड भोंगे झाले. ब्रेक लागला. शकीला दोरी सोडेना.

मी ओरडले. काय ओरडले ते तुम्हाला माहीत आहे.

तिने मान वर केली, दोरी टाकली आणि बाजूला झाली. गाडी शेळीच्या वीसेक हात अलीकडे थांबली. मला खोकला आला. एका कामगाराने दोरी सोडवली, चालकाने लांब भोंगा दिला, गाडी पुढे गेली. शकीला मला म्हणाली, “एवढं कावून वरडायलीस गं? घसा फाटंल.”

दिलीप भरावाच्या कडेला बसला होता. त्याने पाणी मागितलं. मग म्हणाला, “आई, हे तू आधीच ओरडली होतीस.”

“मी नव्हते ओरडले.”

“मग कोण?”

मी त्याला पाणी प्यायला घराकडे चल म्हटलं. घरी येऊन त्याने बांधलेलं गाठोडं स्वतःच सोडलं. पुण्याचा विषय त्याने अजून काढलेला नाही.

कोणी म्हणेल, ‘शेळी सोड’ वर्षभर ग्रुपवर चाललं होतं, म्हणून तेच तोंडात आलं. मलाही तसंच वाटलं. पण सरांनी दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी शेजारी लावली. भोंगे तिथेच, ब्रेक तिथेच, घोगरा आवाज तोच आणि खोकलाही तोच. इरफानने ग्रुपवर लिहिलं, “चावीवाल्या आजी, साइडिंगमधून मेन लाइनला. माझी चूक झाली. वाचली ती सासू माझी हाय, लक्षात ठेवीन.” मी लिहिलं, “शेळी पण तूच आणली होतीस, ते पण लक्षात ठेव.” आठ दिवस ग्रुपवर टिंगल बंद होती. मग कोणीतरी फुलांचा फोटो टाकला आणि गाडी रुळावर आली.

आता एकच राहिलं. सरांना तपासताना सापडलं की दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये एक फरक आहे. पहिल्यात लांब भोंग्यानंतर काही सेकंद बारीक ठकठक आहे, लोखंडावर लोखंड. दुसऱ्यात ती नाही. सगळे शेळीवर हसत होते, म्हणून आधी कोणाच्या लक्षात आली नव्हती. सरांनी तेवढाच तुकडा मोठा करून रविवारी खेळात टाकला – आवाज ओळखा. कोणी म्हणालं डब्याची साखळी, कोणी म्हणालं दगड. सरांनी विचारलं, “आजी, तुम्ही सांगा.”

मी तीन वेळा ऐकला. दोन ठोके जोरात आणि तिसरा हलका, आवरता घेतल्यासारखा. दोन जोरात, एक हलका.

तो तिथे कसा आला, मला माहीत नाही. पहिलं रेकॉर्डिंग केलं त्या दिवशी भरावावर ठोकायला एकही चावी नव्हती. आणि सांगितलं असतं तर दिलीपने गाठोडं परत बांधलं असतं. तो हे मासिक वाचत नाही, म्हणून इथे लिहिलं.

ग्रुपवर मी पहिल्यांदाच लिहिलं – “ओळखला नाही.”

लगेच चाळीस जणांचं आलं, “शेळी सोडली आजींनी!” मी फोन उलटा ठेवला आणि तवा चुलीवर ठेवला.