दुभत्या घरातली कोरी कॉफी

जोडून सुट्ट्या आल्या आणि मी ठरवलं, माकणीला सुनीताकडं जायचं. ही माझी धाकटी बहीण. ती लग्न होऊन तिकडं गेली, मी पुण्यात नोकरीच्या रगाड्यात अडकले. गाडीत कपड्यांच्या आधी कॉफीचं सामान भरलं: भाजलेल्या बिया, हातानं फिरवायची छोटी चक्की, कागदी गाळण्या, थर्मास. हसू नका. हायवेवर कॉफी मागितली की काय हातात पडतं ते मला पक्कं ठाऊक आहे.

तरी सोलापूरच्या पुढं एका हॉटेलात मोह झालाच. पोरानं उकळत्या दुधात पुडी फोडली, मूठभर साखर ओतली आणि वर चॉकलेटची भुकटी भुरभुरली. यात कॉफी कुठाय, असं विचारलं तर म्हणतो, पुडीवर लिहिलंय की! आणि याचे चाळीस रुपये. डोकंच फिरलं माझं. पुढं एका लिंबाच्या सावलीत गाडी लावून स्वतःच केली. तुम्हीही करा, अवघड काही नाही. दळण रव्याइतकं ठेवा, पाणी खळखळ उकळतं ओतू नका. आधी थोडं ओतून पूड फुगू द्या, मग बारीक धार धरा. थर्मासमधलं पाणी प्रवासात आपोआप हवं तितकं निवतं.

उमरग्यापर्यंत रस्ता झकास आहे, फक्त ट्रकांना जपा. पेट्रोल आणि फळं तिथंच घ्या. माकणीकडं वळलं की खड्डे सुरू होतात. रस्ता दुरुस्त करायचं कुणाच्या मनात येत नाही, देवच जाणे का. गावाजवळच्या धरणाचं पाणी दिसलं तेव्हा कुठं जरा शांत झाले.

सकाळी सुनीताच्या ओसरीवर बसून माझी कोरी कॉफी केली. पहिला घोट घेते तोच सुनीता धावत आली.

"ताई, पेला आत आण. गल्लीतली लोकं बघायलेत."

मला काही कळेना. मग तिच्या सासूबाई बाहेर आल्या. त्यांना सगळे मामी म्हणतात. मला एक शब्द बोलल्या नाहीत, सुनीताला बोलल्या. दारात दोन म्हशी बांधलेल्या असताना पाव्हणीला दुधाबिगर पाजलं, लोक काय म्हणतील, सोयऱ्याची अशी इज्जत ठेवतात व्हय? मी परोपरीनं सांगितलं की मला अशीच आवडते. पण कोण ऐकतंय! दिवसभर सुनीताला टोमणे. संध्याकाळी शेजारीण येऊन खरोखरच विचारून गेली, म्हशी आटल्या का म्हणून. कॉफी माझी, आवड माझी, आणि बोलणी माझ्या बहिणीनं खायची. संतापानं माझा धरणावरचा फेरफटकाही वाया गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामींची समजूत काढावी म्हणून स्वयंपाकघरात गेले. सुनीता चुलीजवळ उभ्या उभ्या चहा पीत होती. कोरा! गुळाचा, काळाकुट्ट. मी विचारलं, दूध कुठं गेलं? ती सहज म्हणाली, डेअरीला गेलं, उरलेलं ह्यांच्या आणि मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, चहाला ठेवलंय. आणि तुझ्यासाठी. स्वतः रोज असाच पिते म्हणे. आत प्यालं तर कोण बघतंय?

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पाव्हणीनं कोरं प्यालं तर घराची अब्रू जाते, आणि म्हशींचं शेण काढणारी, धारा काढणारी कोरं पिते तेव्हा कुणाचं काही जात नाही? मी दुधाचं पातेलं उचललं, तापत ठेवलं, दोन पेले कडक कॉफी काढली आणि दोन्हींत सायीसकट दूध ओतलं. सुनीताचा हात धरून तिला ओसरीवर बसवलं. मामी दारात उभ्या होत्या. मी भांडायच्या तयारीतच होते.

त्या पेल्याकडं बघत म्हणाल्या, "लगीन होऊन आल्यापासनं म्या बी कोराच पितीय. मला कुणी इचारलं न्हाय."

आता भांडायचं कुणाशी? मुकाट्यानं उठले आणि तिसरा पेला केला. पातेलं रिकामं झालं. मामी जरा बिचकत सुनीताशेजारी टेकल्या, फुंकर मारून प्याल्या. लई कडू हाय म्हणाल्या, पण पेला खाली ठेवला नाही.

तेवढ्यात दाजी गोठ्यातून आले, म्हणजे सुनीताचे यजमान. चहा मागितला.

"आज कोरा घे," मामी म्हणाल्या.

पुण्यात परतून आठवडा झाला. काल फोनवर विचारलं, दूध घेतेस ना? सुनीता म्हणाली, ते त्या दिवशीपुरतं होतं गं. मागून मामींचा आवाज आला, "ताईला म्हणावं, या की परत. पाव्हणी आली की आमाला बी बसाया मिळतंय."

म्हणजे दोन बायकांनी आपल्याच म्हशीचं दूध बसून प्यावं म्हणून मी पुण्याहून गाडी हाकत जायचं? रागारागानं फोन ठेवला आणि रजेचा अर्ज टाकला.