मधली धार

"पहिली धार मोरीला, मधली डॉक्टरला." हे चांगुणाबाईंचं कायमचं वाक्य. लघवी तपासायला आलेल्या प्रत्येकाला त्या ते ऐकवत, आणि ऐकवताना आवाज जराही खाली आणत नसत. बाकड्यावरची माणसं छताकडे बघायला लागत.

अंबरनाथ पूर्वेला बाजाराच्या टोकाशी एक छोटी लॅब आहे. तिथं सोळा वर्षं त्या नमुने गोळा करत होत्या. मूळ घर बदलापूरच्या पलीकडच्या गावात, भातशेतीवाल्यांचं. चालणं अजून बांधावरचंच, सावकाश, पाऊल बघून टाकलेलं. जयदेव रिक्षावाल्यानं एकदा थंड पेयाची मोठी बाटली काठोकाठ भरून आणली, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "अरे दादा, तपासायचंय, रोपांना पाजायचं नाय."

प्राची त्यांच्याकडे तिसऱ्यांदा आली, ती रडवेली होऊन. आनंदनगरच्या एका कारखान्यात ती पॅकिंगला होती. तिथला संडास शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि उठलं की सुपरवायझर घड्याळ बघायचा. म्हणून लाइनवरच्या बायका सकाळपासून पाणीच पीत नसत. मग कुणाला ना कुणाला जळजळ व्हायची. कुणाकडे तरी जुनी गोळ्यांची पट्टी असायची. हळदीकुंकवाच्या वाणासारखी ती हातोहात फिरायची. दोन गोळ्या तुला, दोन मला. दोन दिवस बरं वाटायचं, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

प्राचीचे आधीचे दोन्ही रिपोर्ट सारखेच आले होते: सरमिसळ जंतू, नमुना पुन्हा द्या. इकडे उल्हासनगरला, कॅम्प पाचच्या घरात, तिच्या सासूनं, वेणूबाईनं, निकाल देऊन टाकला होता. असलं दुखणं आमच्या सात पिढ्यांत नाही, हे बाहेरून येतं. नवरा हितेश मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. सोमवारी प्राचीचे वडील येऊन तिला माहेरी, बदलापूरला घेऊन जाणार होते, आणि परत कधी आणायचं याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

चांगुणाबाईंनी एवढंच विचारलं, की बाटली भरतेस कधी आणि देतेस कधी. पहाटे साडेपाचला भरायची, डब्याच्या पिशवीत ठेवायची, ड्युटी करून संध्याकाळी लॅबला द्यायची. चांगुणाबाई मोकळेपणी हसल्या. म्हणाल्या, बारा तास उकाड्यात ठेवलीस म्हणजे जंतूंनी त्यात लग्नाची पंगत बसवली असेल. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी, तेव्हा मीच घरी येते.

शुक्रवारी त्या बर्फाचा डबा खांद्याला लावून गेल्या. वेणूबाई दारात मेथी निवडत बसली होती. चांगुणाबाईंनी प्राचीला सगळं नीट समजावलं: आधी पाण्यानं धू, पुढून मागे, पहिली धार सोडून दे, मग बाटली धर. तेवढ्या वेळात वेणूबाई तीनदा उठून मोरीत गेली. एकदा नळ बघायला, एकदा मांजर हाकलायला, एकदा उगाचच. दर वेळी ओठ घट्ट मिटून, भिंतीला हात लावत परत आली.

नमुना बर्फात ठेवून चांगुणाबाईंनी प्राचीला दूध आणायला पिटाळलं. मग मेथीची एक काडी हातात घेतली.

"वेणूताई, किती वर्षं झाली?"

"कशाला?"

"जळजळीला."

वेणूबाईनं जुडीतली पुढची काडी उचलली. मग म्हणाली, "बारा."

"आणि डॉक्टर?"

"हितेशचे वडील जाऊन चौदा वर्षं झाली. बिननवऱ्याच्या बाईनं हे दुखणं कुणाला सांगायचं? लोक काय म्हणतील?"

"तुम्ही प्राचीला म्हणता तेच म्हणतील."

वेणूबाईचे हात थांबले. चांगुणाबाईंनी आवाज वाढवला नाही. सांगितलं, की हा जंतू बहुतेक वेळा आपलाच असतो. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या आतड्यात पोटभाडेकरूसारखा गपगुमान राहतो. पाणी कमी पडलं, लघवी कोंडली, वय झालं, की संधी साधून शेजारच्या खोलीत घुसतो. त्याला कुणाच्या चारित्र्याशी देणंघेणं नाही. मग त्यांनी दुसरी बाटली काढली. वेणूबाईनं ती पदराखाली घेतली आणि चौथ्यांदा मोरीत गेली.

सोमवारी संध्याकाळी चांगुणाबाई पुन्हा आल्या. प्राचीचे वडील देवदत्त खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले होते, पायाशी रिकामी बॅग. हितेश उभा. चांगुणाबाईंनी एक पाकीट प्राचीला दिलं, दुसरं वेणूबाईच्या हातात ठेवलं. प्राचीच्या कागदावर एकाच जंतूचं नाव होतं, एन्टेरोकॉकस, म्हणजे तोच आतड्यातला पोटभाडेकरू, आणि खाली कोणतं औषध त्याला लागू पडतं, कोणतं नाही, याची यादी. कारखान्यातल्या फिरत्या पट्टीतली गोळी ‘नाही’च्या रांगेत होती.

वेणूबाईनं आपला कागद हितेशला दिला. "वाच. माझ्या कागदावर काय लिहिलंय?"

त्यानं वाचलं. तेच नाव.

"व्याहीबुवा," वेणूबाई म्हणाली, "हे बाहेरून आलेलं नाय. मला बारा वर्षं आहे. पोरीला मी नाय ते बोलले. उद्या आम्ही दोघी डॉक्टरणीकडे जाऊ, तुमची बॅग तुम्ही परत न्या."

हितेश कागदाकडेच बघत राहिला. प्राचीनं तांब्याभर पाणी भरलं, सासूला दिलं, मग स्वतः प्यायली. चांगुणाबाईंनी दोघींना एकदाच बजावलं, डॉक्टरीण जेवढ्या दिवसांच्या गोळ्या देईल तेवढ्या दिवस घ्यायच्या, बरं वाटलं तरी, आणि एकीच्या दुसरीनं घ्यायच्या नाहीत. चहाला त्या थांबल्या नाहीत. आणखी दोन घरं बाकी होती.

डबा खांद्याला लावून त्या गल्लीनं निघाल्या, जीन्सच्या गठ्ठ्यांना आणि उभ्या स्कूटरना वळसा घालत, घाई न करता. दारात देवदत्त रिकामी बॅग हातात धरून उभे होते. त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत ते बघत राहिले.