सरपंचाची तार

आईशप्पथ, सगळं खरं आहे. म्हणजे बहुतेक. लॅबचे किस्से पिंजऱ्यातल्या भुशासारखे साचतात बे. रोज काढा, सकाळी पुन्हा हायेच!

बुलढाण्याच्या कॉलेजात मी शबाना मॅडमच्या हाताखाली होतो. उंदराच्या मेंदूत बारीक तारा, तिथून एक लांब वायर कॉम्प्युटरले. त्यावर मॅडमची पीएचडी. उंदीर फिरला की वायरले पीळ पडे, मॅडम हात वर करून तो सोडवत बसत.

शेवटी एकच उंदीर उरला. नाव सरपंच.

"काऊन हो मॅडम, सरपंच?"

"दिवसभर गोल फिरते अन् कुठंच जात नाही!"

*

मग बिनतारी यंत्र आलं. चण्याएवढं. सरपंचाच्या डोक्यावर बसवलं, वायर गेली. तरी मॅडमचे हात हवेत पीळ सोडवून राह्यले!

प्यून रज्जाकचाचा दारातून म्हणे, "मॅडम, पतंग उडवून राह्यल्या का?"

*

सरपंचाचंही तेच. मोठ्या पेटीत जुन्या वायरच्या मापापर्यंत जाय अन् परत फिरे. कोपऱ्यात शेंगदाणे ठेवले. पाह्यले त्यानं. परत फिरला.

मी म्हटलं, "मॅडम, वायर काढल्याचं त्याले कोणी सांगितलं नाही का?"

मॅडम हसल्या नाही.

*

एकदा मी ते यंत्र आलूबोंड्यात खोचलं. तेवढ्यात मॅडमचे गाईड सर आले. स्क्रीनवर संथ लाटा.

"वा! गाढ झोप!" सर खूश.

बोंडा मी मग खाल्ला. झोप काही आली नाही.

*

पुढच्या महिन्यात सर म्हणाले, "डाटा पुरे झाला. शुक्रवारी मेंदू काढा." तारा नेमक्या कुठं बसल्या, ते मेंदू कापूनच दिसते. त्याच्याशिवाय पीएचडी नाही.

"जिवंत नाही ठेवता येत का, सर?"

"शबाना, उंदीर आहे तो."

*

शुक्रवारी मॅडमनं पेटीची एक बाजू काढली. लॅबचं मागचं दार उघडलं. बाहेर गवत, ऊन.

"चल, चहा घेऊ," मले म्हणे. तीन वर्षांत पहिल्यांदा!

"मॅडम, दार?"

"राहू दे."

कँटीनमध्ये त्यांचा चहा गार झाला, साय आली. कपाले हात नाही लावला. लय वेळ बसलो.

परत आलो. दार उघडंच. कोपऱ्यातले शेंगदाणे तसेच. अन् सरपंच वायरच्या मापापर्यंत येऊन, तिथंच गोल फिरून राह्यला होता.

मॅडम त्याच्यापाशी खाली बसल्या. हात वर केला अन् हवेतला पीळ सोडवू लागल्या.

काय? मग काय झालं?

आधी चहाचे पैसे दे बे.