पंचफुलाबाईंच्या बांधीतलं पेव

जुनी वस्तू हाती लागली की ती किती जुनी, असं पंचफुलाबाई कधी विचारत नसत. कोणाची, असं विचारत. आरमोरीजवळच्या एका गावात मी इतिहास शिकवायला लागलो, त्या वर्षी त्या पहिल्यांदा शाळेच्या दारात आल्या. पदरात काळ्या-तांबड्या मडक्याचा एक तुकडा बांधलेला. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, अंगठ्याने पुसला आणि म्हणाल्या, "सर, हे कोनाच्या घरचं हाय? माह्या बांधीत निंगते. साऱ्या गावाले विचारलं, कोनाचंच नाई म्हनतात."

बांधी म्हणजे आमच्याकडचं बांध घातलेलं धानाचं शेत. पंचफुलाबाईंची बांधी गावाबाहेरच्या टेकाडाला लागून होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी वरोऱ्याला दिलेली. बाई साठीच्या आसपासच्या, उंच, चालायला भराभर. दर पौर्णिमेला गावातलं बुद्धविहार झाडून काढायच्या आणि झाडता झाडता तिथे बसलेल्या पुरुषांनाही उठवून बाजूला करायच्या.

त्या आठवड्यात मी सहावीला प्राचीन संस्कृतींचाच धडा शिकवत होतो. तो तुकडा पाहून मला राहवलं नाही. मी पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयाला सविस्तर पत्र लिहिलं, सोबत फोटो जोडले. सही करताना माझी छाती फुगली होती, हे कबूल करायला हवं. ज्यांचं शेत होतं त्या बाईंना मात्र मी फक्त एवढंच सांगितलं, "मोठे लोक येतील, बघतील."

धान निघाल्यावर मोठे लोक आले. टेकाडाच्या अंगाला दोऱ्या बांधून त्यांनी चौकोन आखले आणि खोदायला सुरुवात केली. पंचफुलाबाई स्वतःच्याच शेतात मजुरीवर लागल्या. एका चौकोनात काळी, राखेने भरलेली गोल जागा लागली. खोदकामाच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, ही चूल असेल, नाहीतर कचऱ्याचा खड्डा. पंचफुलाबाई आत उतरल्या, कडेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चूल नोहे मॅडम. पेव हाय, धान साठवाचं. माह्या आजीच्या घरी होतं. शेन-मातीत तूस घालून लिपलं, मंग आत जाळ केला, ओल जावाले. हे पाहा, तूस दिसून राह्यलं."

खरोखरच भाजलेल्या मातीत तुसाचे ठसे होते. तळाशी जळून कोळसा झालेले तांदळाचे दाणे निघाले. मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी बाईंना मिठीच मारली. हजारो वर्षांपूर्वी इथे धान पिकत होतं, साठवलं जात होतं, माणसं कायमची राहत होती! सगळे बोलत होते, मीही बोलत होतो. पंचफुलाबाई तळहातावरच्या त्या चार काळ्या दाण्यांकडे बघत होत्या. "ज्या दिवशी तिनं ह्यात धान भरलं," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी ते बाई अडकली."

तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं. पथक गेलं आणि दोन महिन्यांनी फलक लागला : येथे नांगरणी, खोदकाम व बांधकाम करण्यास मनाई आहे. फलकामागे बाईंची निम्मीअधिक बांधी गेली. उरलेल्या पट्ट्याला पाणी मिळावं म्हणून त्या विहीर खणणार होत्या, तीही जागा फलकाच्या आतच. जमीन विकावी, तर घेणार कोण?

माझ्या पत्राने हे झालं होतं. बांधी मोकळी व्हावी म्हणून मी त्यांच्यासोबत गडचिरोलीला खेटे घालू लागलो. लाल बसने जायचं, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं, "प्रकरण वर पाठवलंय" हे ऐकायचं आणि परत यायचं. एकदा शाळा अर्धी करून निघायचं होतं. बाई वर्गाच्या खिडकीशी थांबल्या होत्या आणि मी मुलांना सांगत होतो की शेतीमुळे माणूस स्थिर झाला, धान्य उरू लागलं, त्यातून गावं, नगरं, राज्यं आणि लिपी आली. बसमध्ये बसल्यावर त्यांनी विषय काढला.

"स्थिर झाला म्हन्ता तुमी. अडकला म्हना न."

"असं कसं, बाई? केवढी प्रगती झाली त्यातून."

"धान ठेवलं तं राखन आली. राखन आली तं राखनदाराले वाटा आला. मंग त्याचा वाडा आला, त्याचा कागद आला. आता आपून त्याच कागदापाई चाल्लो न जी?"

मी कंडक्टरकडून दोन तिकिटं घेतली. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माही माय वारली तवा धान कापून पडलं होतं. वरतून आभाळ आलं. सासरा म्हने, भारे आत घे, मंग जा. भारे आत घेतले. गेली तं माय जळून गेलती." थोड्या वेळाने पुन्हा, "रोवना आला, जाऊ नोको. निंदन आलं, जाऊ नोको. धान पिकलं, आता तं जाऊच नोको. माहा जलम असा गेला, सर. आता पीकबी नाई, अन् जाताबी येत नाई. तुमच्या चिठ्ठीनं मले अजून खोल बसवलं."

एवढं एकदाच त्या मला बोलल्या. पुन्हा कधी नाही.

वरोऱ्याहून मुलगी सारखी बोलवायची. मीही एकदा म्हटलं, "बाई, जा की लेकीकडे. इथे काय उरलंय?" त्या ताडकन म्हणाल्या, "हाकललेली जानार नाई मी."

दुसरा पावसाळा आला. लोकांची रोवण्याची, धानाची रोपं लावायची, घाई चालू होती. एका सकाळी पाहतो तर बाई फलकाच्या आत वाकलेल्या. नांगर नाही, बैल नाही, कुदळ नाही. ओल्या मातीवर मुठीने धान फेकत होत्या आणि बोटांनी माती सारून ते झाकत होत्या. मी धावत गेलो. "बाई, गुन्हा दाखल होईल!"

"सर, फलक वाचा न," त्या न थांबता म्हणाल्या. "बिया टाकू नोका, असं कुठी लिवलं हाय?"

कोणीतरी कळवलंच. तपासणीला एक साहेब आले. धान तोवर वीतभर वर आलं होतं. बाईंनी त्यांना फलकासमोर उभं केलं आणि एकेक शब्द बोट ठेवून वाचून दाखवला. "नांगर नाई लावला. खंदलं नाई. बांधलं नाई. बिया टाकल्या. पाखरंबी टाकतात." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बाई बरोबर बोलताहेत, आणि हे पीक मी राखतो आहे, माझंही नाव लिहा." साहेबांनी डायरी उघडली, जरा वेळ तशीच धरली आणि मिटून खिशात घातली.

पीक विरळ आलं. त्यातलं बरंचसं रानडुकरांनी नेलं. उरलेलं बाईंनी विळ्याने कापलं, घरात न नेता विहारासमोर आणून झोडपलं आणि सगळ्या गावाला खीर करून वाढली. मला वाढताना म्हणाल्या, "आता जातो मी. आता मले कोनी हाकललं नाई." तिसऱ्या दिवशी एक पेटी आणि एक वळकटी घेऊन त्या बसमध्ये बसल्या. बस हलली तेव्हा गावाकडे पाहतील म्हणून मी थांबलो होतो. त्या कंडक्टरशी सुट्या पैशांवरून वाद घालत होत्या.

वरोऱ्याला त्या दोन वर्षं राहिल्या. मी एकदा भेटायला गेलो, तर त्यांनी बांधीचं नावही काढलं नाही. माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, शेजारणीसोबत कुठकुठे फिरून आल्या ते सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात मुलीचा फोन आला. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. दुसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर मी मुलीला म्हणालो, "थोडी राख द्या माझ्याजवळ. मी गावी नेऊन त्यांच्या बांधीत टाकतो."

मुलीने मडक्यावर हात ठेवला. "नाई सर," ती म्हणाली. "आई सांगून गेली हाय. कुठीबी टाका, पन बांधीत नोको."