भिंतीवरची टिकली

चंद्रप्रभाबाईंचा अर्धा जन्म भिंतीला खिळा न ठोकता गेला. नवरा फौजेत, घर कायम सरकारी, आणि सरकारी क्वार्टरची एक अट मोठी कडक, भिंतीला भोक पडता कामा नये. बदली झाली की एक माणूस यायचा आणि भिंतीवरून तळहात फिरवून बघायचा. त्यामुळे पठाणकोट काय, जबलपूर काय, दिल्ली कॅन्टोन्मेंट काय, बाईंच्या घरात देव कपाटात आणि कॅलेंडर दाराच्या कडीला. पुढे संपतराव सुभेदार म्हणून निवृत्त झाले, मुलाने मयूर विहारला सोसायटीत फ्लॅट घेतला आणि बाईंना वाटलं, आता लग्नातला फोटो एकदाचा भिंतीवर चढेल. तर सून म्हणाली, "आई, ड्रिलचा आवाज झाला की खालचे भांडायला येतात." फोटो पुन्हा कपाटात गेला.

अशा बाईंना नोकरी लागली ती नेमकी खिळे ठोकण्याच्या जागी. मराठी मंडळाच्या गणपतीचं मखर करणारा नचिकेत लाडो सरायमधल्या एका छोट्या आर्ट गॅलरीत कामाला होता. तिथे दुपारी बसायला कुणीतरी विश्वासाचं माणूस हवं होतं. बाईंची नजर करडी आणि हिंदी मराठीइतकंच फटकळ. गॅलरीच्या मालकीणबाई, भसीन मॅडम, त्यांना बघताक्षणीच हो म्हणाल्या. संपतराव म्हणाले, "घरच्या भिंती सोडून लोकांच्या भिंती राखायला मेट्रोने जायचं. छान आहे." बाईंनी ते कानाआड केलं. फौजी माणसाबरोबर संसार करून कान तेवढे तयार झालेलेच असतात.

गॅलरी म्हणजे दोन खोल्या. एका बाजूला फर्निचरचं दुकान, दुसऱ्या बाजूला शिंपी. पण आतल्या भिंती अशा पांढऱ्या की पहिल्या दिवशी बाईंनी चपला बाहेर काढल्या आणि नचिकेतला सांगावं लागलं, "काकू, इथे चालतं." दर महिन्याला चित्रं उतरायची, खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजायची, वर पांढरा हात फिरायचा, आणि नवीन कुणाची तरी चित्रं लागायची. कधी कुणी नुसते दोरेच टांगायचं. कधी खोली रिकामी आणि कोपऱ्यातून कुणाच्या तरी श्वासाचा आवाज. बाईंनी कशालाही नाक मुरडलं नाही. आल्या आल्या पर्स ठेवायची, आणि खुर्चीवर बसायच्या आधी एकेका चित्रासमोर उभं राहून यायचं, हा त्यांचा नेम. "कळलं का काही?" असं संपतरावांनी विचारलं तर म्हणायच्या, "नाही कळलं. पण पाय निघत नव्हता." माणसाच्या हातून असं काही होऊ शकतं, याचंच त्यांना नवल वाटे, आणि ते नवल रोज नव्याने वाटे.

आणि ती टिकली. चित्र विकलं गेलं की त्याच्या शेजारी भिंतीवर एक छोटी लाल गोल चकती चिकटवतात. सगळ्या गॅलऱ्यांतली ही रीत, पण बाईंनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांना हसू आवरेना. "अरे, ही तर टिकली. म्हणजे हिचं लग्न ठरलं तर." तेव्हापासून नचिकेतही म्हणू लागला, "काकू, आज एकीचं जमलं बरं का." भसीन मॅडमना या विनोदाचा पत्ता नव्हता.

यंदाच्या उन्हाळ्यात रुचिराचं प्रदर्शन लागलं. फरीदाबादची पोर, तिशीच्या आतली, पहिलंच एकटीचं प्रदर्शन. वडील खंडेराव जळगावकडून ट्रॅक्टरच्या कारखान्यात आले आणि तिथेच निवृत्त झाले. मराठी बोलायची, पण दिल्लीच्या मुलांचं असतं तसं, निम्मे शब्द वाटेत सांडलेले. बाईंशी तिची लगेच गट्टी जमली. पहिल्याच दिवशी डबा खाता खाता तिने सांगून टाकलं, "काकू, बाबांशी डील झालीये. एक तरी पेंटिंग विकलं गेलं, तर अजून एक साल मी पेंट करणार. नाहीतर पहिल्या तारखेपासून त्यांच्या ओळखीच्या ऑफिसात जॉब. खोक्यांची डिझाइन्स. साबणाची, बिस्किटांची."

"वाईट काय त्यात?" बाई म्हणाल्या.

"वाईट काही नाही. पण मग हे नाही होणार, यार," रुचिरा म्हणाली आणि लगेच जीभ चावून, "सॉरी काकू."

तिची चित्रं लोकांना चटकन आवडणारी नव्हती. लोक यायचे, एसीत घाम वाळवायचे, "इंटरेस्टिंग" म्हणायचे आणि जायचे. त्यातलं चार नंबरचं सगळ्यात मोठं, माणसाहून उंच, आणि पहिल्या नजरेला निव्वळ काळं. नावसुद्धा नाही, नुसता आकडा. दोन आठवडे उलटले तरी एकाही चित्राचं जमेना, आणि रुचिराचा चेहरा उतरत चालला.

एका शुक्रवारी दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरवर दिवे राहिले, एसी बसला. मॅडम चंदीगडला लग्नाला गेलेल्या, नचिकेत फ्रेमवाल्याकडे, बाहेर लाही लाही करणारं ऊन आणि आत चिटपाखरू नाही. बाई घाम पुसत चार नंबरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. काही वेळ काळं काळंच राहिलं. मग त्या काळ्यात निळं आहे असं वाटलं. मग खाली राखेच्या रंगाची एक रेघ दिसली, मग खिडकीच्या गजांसारखं काही, आणि गजांपलीकडे उजेड. उजेड तरी कसा, अजून आलाच नाहीये, पण आता यायचा थांबणार नाही. झुंजूमुंजू होण्याच्याही जरा आधीची ती वेळ. बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. ही वेळ त्यांच्या ओळखीची होती. संपतरावांना सीमेवर नेणारा ट्रक गेलेला, दिवस अजून यायचा, आणि आपण दारात उभ्या. तिथे कुणी बघायला नसतं म्हणून रडता येतं. त्यांनी हे जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. या पोरीला कुठून कळलं? बाई कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या. शेवटी वीज आली, एसी घरघरला आणि त्या भानावर आल्या.

शनिवारी सकाळी नचिकेतला चार नंबरशेजारी लाल टिकली दिसली. त्याला वाटलं, मॅडमनी फोनवरच सौदा केला. त्याने मॅडमना टिकलीचा फोटो पाठवला, मॅडमना वाटलं नचिकेतने विकलं. दोघांनी एकमेकांचं तोंडभरून अभिनंदन केलं, आणि घेतलं कुणी हे विचारायचं दोघांनाही सुचलं नाही. रुचिरा धावत आली. टिकली बघून तिथेच फरशीवर बसली आणि तिने वडिलांना फोन लावला. "बाबा, एक गेलं. सगळ्यात मोठं वालं. आता तो जॉब नाही, बिल्कुल नाही." हसत होती आणि रडत होती. बाईंचेही डोळे भरून आले. कौतुकाने त्या टिकली बघायला जवळ गेल्या, आणि जागीच थबकल्या.

गॅलरीची टिकली कागदाची, सपाट. ही मखमली होती.

मराठी घरातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. तोंड धुताना, घाम आला की, निजताना टिकली काढायची आणि हाताशी येईल तिथे चिकटवायची. न्हाणीघराच्या आरशावर, कपाटाच्या दारावर, फ्रिजवर. नंतर शोधायची आणि नाही मिळाली की नवी लावायची. हे बाईंचं आयुष्यभराचं वळण. शुक्रवारी डोळे चित्रात होते, आणि हाताने आपलं काम केलं होतं. त्यांनी कपाळाला हात लावला. नवी टिकली जागेवर होती. जुनी भिंतीवर होती.

त्या दिवशी त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. मधेच कुणी एक गृहस्थ चार नंबरसमोर जरा रेंगाळले, टिकली दिसताच "अच्छा, ये तो गया" म्हणून पुढे सरकले, आणि बाईंना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. रविवारी गॅलरी बंद. घरी पोह्यांत मीठ दोनदा पडलं. संपतरावांनी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "काय झालंय?" बाईंनी सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, पण ते हसले नाहीत.

"आठवडाभर गप्प बसले तर?" बाई म्हणाल्या. "तोवर दुसरं एखादं विकलं गेलं तर पोरीचं काम होईल हो."

"चूक झाली तर रिपोर्ट लगेच द्यायचा असतो," संपतराव म्हणाले. "उशीर केला की ती चूक राहत नाही. ती लबाडी होते."

सोमवारी बाईंनी रुचिराला बोलावून घेतलं आणि चित्रासमोर उभं केलं. "रुचिरा, ही टिकली माझी आहे गं."

रुचिराचे डोळे मोठे झाले. "काकू, तुम्ही घेतलंत? तुम्ही?"

बाईंना वाटलं, याहून वाईट आता काही ऐकायचं नाही. "नाही गं बाळा. माझी म्हणजे माझ्या कपाळावरची." आणि त्यांनी जे झालं ते सगळं सांगितलं, ट्रकसुद्धा, दारात उभं राहणंसुद्धा. "टिकली कधी काढली, कुठे लावली, मला काही ठाऊक नाही. मी इथे नव्हतेच त्या वेळी. तुझं घर बुडवलं मी. काय वाटेल ते बोल मला."

रुचिरा चित्राकडे बघत राहिली. मग नखाने टिकली अलगद सोडवून तिने ती बाईंच्या तळहातावर ठेवली, आणि वडिलांना फोन लावला. "बाबा, ते विकलं गेलं नाही. गलती झाली होती. डॉट नव्हता, इथल्या एका काकूंची टिकली होती. पण मी जॉब नाही घेणार. त्या काकू त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांना आपण कुठे आहोत हेच आठवेना. मला हेच करायचंय. मला कळलंय आता, हे मला येतं." पलीकडचा आवाज एवढा चढला की तो दुसऱ्या खोलीत नचिकेतलाही ऐकू आला. कुणा बाईच्या टिकलीवर आयुष्य निघतं का, असं खंडेराव विचारत होते. ठरलं ते ठरलं, म्हणत होते. शेवटच्या दिवशी टेंपो घेऊन येतो, सगळं उचलू आणि पहिल्या तारखेला मुकाट ऑफिसात जायचं. फोन बंद झाला. भसीन मॅडमना कळलं तेव्हा त्या पोट धरधरून हसल्या आणि म्हणाल्या, यापुढे आपल्याकडे हिरवे डॉट. बाईंना मात्र हसू आलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी खंडेराव आले. इस्त्रीचा शर्ट, हातात दोरखंड, कपाळावर आठ्या. बाईंना त्यांनी नमस्कार केला, पण नजरेला नजर दिली नाही. प्रदर्शनाला ते पहिल्यांदाच येत होते. लहान चित्रांवरून नजर टाकत, मनात टेंपोत काय कसं बसेल याचा हिशेब करत ते चार नंबरपाशी आले. "हेच का ते? हे तर काळंच आहे."

खंडेराव मोजमाप घ्यायला एक पाऊल मागे सरले, आणि तिथेच उभे राहिले. नचिकेत पहिल्या खोलीत चित्रं गुंडाळत होता, त्याच्या टेपचा कर्रर आवाज तेवढा येत होता. दोरखंड त्यांच्या हातातून हळूहळू सैल होत जमिनीला टेकला.

"ही आपल्या जुन्या खोलीची खिडकी," खंडेराव म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "पहिल्या पाळीला मी निघायचो, ती वेळ."

"हो बाबा."

"पण तू तर झोपलेली असायचीस. तुला जाग येऊ नये म्हणून मी चपला हातात घेऊन दारापर्यंत जायचो. डब्याचं झाकण वाजू द्यायचो नाही."

"मी जागी असायचे," रुचिरा म्हणाली. "तुमची सायकल वळेपर्यंत बघत असायचे."

खंडेराव तिच्याकडे वळले. "रोज?"

"रोज."

ते पुन्हा चित्राकडे वळले. बाईंनी आपली खुर्ची आणून त्यांच्यामागे ठेवली, पण ते बसले नाहीत. नचिकेत प्लॅस्टिकचं भेंडोळं घेऊन आला आणि विचारू लागला, "काका, हे उतरवू का?"

"थांब जरा," खंडेराव चित्रावरची नजर न हलवता म्हणाले. "टेंपोवाल्यालाही थांबायला सांग. आणि रुचिरा, त्या खोक्यांवाल्यांना तू काही कळवू नकोस. मी सांगतो त्यांना, माझ्या मुलीला वेळ नाही म्हणून."