ती कोंबडी जिवंत आहे का?

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. काय खावं, काय खाऊ नये यावर मी लिहावं एवढा माझा अधिकार नाही. वाचणाऱ्यांनी माफ करावं. पण दुसऱ्या कुणाशी हे बोलताही येत नाही.

वडील हिंजवडीत कंपनीची बस चालवतात. ते माळकरी. माझी दहावी झाल्यावर त्यांनी माझ्याही गळ्यात तुळशीची माळ घातली आणि मटण-कोंबडी सुटली. पुढे एमएस्सीला एका छोट्या कंपनीच्या प्रयोगशाळेत प्रकल्प मिळाला, तो नेमका कोंबडीच्या पेशींपासून मांस वाढवण्याचा. त्या पेशींना खाऊ घालणं, त्यांना ऊब देणं हे माझं काम. त्यात मी रमलो होतो. मग चव घेऊन बघायचा दिवस ठरला.

"ज्यानं वाढवलं तोच खाणार नसेल, तर लोकांनी कशाला खायचं?" प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर म्हणाले. पुढची नोकरीही त्यांच्याच हातात होती.

मी वडिलांना फोन केला. त्यांची बस चौकात अडकली होती.

"कापली न्हाई म्हंतोस?"

"नाही. सुईनं कणभर मांस काढलं, तेच वाढवलं."

"मंग ती कोंबडी जित्ती हाय का?"

मला माहीत नव्हतं.

"जित्ती असंल तर खा. माळंला काय व्हत न्हाई. पर आदी इचार."

सरांना विचारलं तर म्हणाले, "का, दिवाळीला बोलवायचंय तिला?" तरी ती कोंबडी ज्याची, त्या पोल्ट्रीवाल्याला त्यांनी मेसेज टाकला. उत्तर आलं नाही.

चव घ्यायच्या दिवशी सगळ्यांनी खाल्लं आणि माझ्याकडे बघत बसले. माझ्या ताटलीत तळलेला तुकडा होता. माळ घामानं मानेला चिकटली होती.

"असेल रे जिवंत," सर म्हणाले.

मी खाल्ला. माळेआधी आई रविवारी माझ्यापुरता कोंबडीचा रस्सा करायची, त्यातल्या फोडीसारखा लागला. आवडला, याचीच जास्त भीती वाटली.

तेव्हापासून वडील रोज फोनवर विचारतात, "कळलं का रे?" मी "अजून नाही" म्हणतो. खाल्लंस का, हे ते विचारत नाहीत. माळ काढावी तर घरी गेल्यावर ते ओळखतील, ठेवावी तर टोचते.

काल सरांनी पोल्ट्रीवाल्याचं उत्तर मला पुढे पाठवलं: "ती होय? तुम्ही सुई टोचून गेलात, त्याच आठवड्यात खाटकाच्या गाडीत घातली. अंडी देत नव्हती."