साळूबाईच्या टेबलावरचे आठ कोट

नगरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टरांच्या मेसचा स्वयंपाक साळूबाई चौदा वर्षं करत होती. मूळची सोनईची. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दवाखान्यात खरं काय चाललंय ते तिला झाकलेल्या ताटांवरून कळायचं. जेवायला न आलेल्या डॉक्टरचं ताट ती वाढून झाकून ठेवायची. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरचे रोगी व्हरांड्यापर्यंत पसरले होते आणि सकाळची ताटं संध्याकाळी तशीच गाईपुढे जात होती. आठ जागांवर दोनच डॉक्टर उरले होते.

बाकीचे सुटले म्हणावं तर तेही नाही. रुजू होतानाच मूळ प्रमाणपत्रं जमा करायची आणि मुदतीआधी गेला तर ती द्यायची नाहीत, हा दवाखाना चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांचा नियम. कानिफनाथ नावाचा डॉक्टर कावीळ झाली म्हणून गेला. चार महिने तो दर सोमवारी कचेरीच्या बाकावर बसून परत जात होता. कागदांशिवाय त्याला दुसरीकडे कोण ठेवून घेणार? साळूबाई त्याला चहा द्यायची आणि आत येऊन भांडी आपटायची.

एका बुधवारी खर्डा गावची डॉक्टर विजयमाला नोकरीची जागा पाहायला आली. मोठ्या डॉक्टरांनी सकाळीच शिरा करायला सांगितलं होतं. साळूबाई वाढायला बाहेर आली, तर टेबलाभोवती आठ पांढरे कोट! त्यांत खरे डॉक्टर दोनच. उरलेल्यांत कंपाउंडर छगन, एक्स-रेवाला श्रीमंत आणि चक्क गेटवरचा वॉचमन.

"आमच्याकडे काम वाटून होतं, वाचायला वेळ मिळतो," मोठे डॉक्टर सांगत होते. विजयमालाच्या प्रमाणपत्रांचं पाकीट त्यांच्या कोपराखाली होतं. जेवण झालं की रुजू व्हायच्या कागदावर तिची सही व्हायची होती.

विजयमालानं शेजारच्या छगनला विचारलं, "आठवड्याला बाळंतपणं किती बघायला मिळतात?"

छगनचा घास तोंडातच राहिला. "असतात... बरीच."

साळूबाईचं डोकं भणाणलं.

"छगन, शिरा घे की," ती मोठ्यानं म्हणाली. "आन कोट कुनाचा रं ह्यो? कानिफनाथ डाक्टरचा दिसतोय."

वॉचमन फिसकन हसला.

"साळूबाई, आत जा," मोठे डॉक्टर म्हणाले.

"जाते. बाई, हितं डाक्टर दोनच हायेत. ह्ये गोरक्ष डाक्टर चार दिवसांनी ताटावर बसलेत, ते बी तुमी आलात म्हनून."

विजयमालानं गोरक्षकडे पाहिलं. "खरं आहे?"

गोरक्ष ताटाकडे बघत बोलला. "सलग दोन तास झोप नाही. परवा एकाचं सलाईन मी दुसऱ्यालाच लावलं. सिस्टरनं पाहिलं म्हणून तो वाचला."

विजयमालानं मोठ्या डॉक्टरांच्या कोपराखालून पाकीट ओढून घेतलं.

"ही जागा पुन्हा मिळायची नाही," ते म्हणाले. "आणि दुसरीकडेही मिळू देणार नाही."

"बघू या," ती म्हणाली आणि निघाली.

"साळूबाई, उद्यापासून येऊ नकोस," मोठे डॉक्टर म्हणाले.

"येते कशाला! रांधायचं मी आन खायचं गाईनं."

गोरक्षनं हात धुतला आणि सरळ कचेरीत जाऊन आपली प्रमाणपत्रं मागितली. दारात येऊन उभ्या राहिलेल्या मोठ्या डॉक्टरांकडे कारकुनानं पाहिलं, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.